रुमालाखालचं मत

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम औसा,
बसव जयंतीचा आदला दिवस

तीर्थरूप सिद्धम्मा अक्का,

धाकट्या संगप्पाचे तुला आणि दाजींना शरणु शरणार्थ. तुझा गुडघा आता कसा आहे? नांदेडच्या डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलं असताना तू कैऱ्या वाळत घालायला गच्चीवर जातेस, ही बातमी इथवर आली आहे. दाजींच्या बीपीची गोळी चालू आहे ना? ते ती विसरतात आणि विसरलो हेही विसरतात, तेव्हा गोळी तूच हातावर ठेवत जा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. ऊन बेचाळीसवर गेलं आहे, नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, आणि आले तसे दिवस जातात.

फोन हातात असताना मी पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. अक्का, आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे मारुतीच्या पारावर बोलणं आहे. रत्नम्माला कमी ऐकू येत नाही, तरी ती तो स्पीकरवरच लावते, आणि मग तुझं बोलणं सगळं घर ऐकतं व मधेमधे उत्तरंही देतं. शिवाय जे सांगायचं आहे ते निवडणुकीचं आहे. (तुमच्याकडचं मतदान आमच्या आधीच उरकलं. आमचं परवा सात तारखेला झालं.) पक्षांची नावं मात्र लिहीत नाही. हे पत्र तुरीच्या डाळीच्या पार्सलात घालून एसटीने पाठवणार आहे, वाटेत पार्सल फुटलं तर दोन जिल्ह्यांत बोभाटा नको. एका पक्षाला मी तूर म्हणतो, दुसऱ्याला हरभरा. तुला कळेल. नाही कळलं तरी बिघडत नाही, घोटाळा तोच राहतो.

आपल्या घरची पद्धत तुला माहीत आहे. मतदानाच्या पंधरा दिवस आधीच्या सोमवारी पूजा झाली की आप्पा इष्टलिंग सज्जात, त्या चांदीच्या डबीत, ठेवत, गंध लावत आणि मग सांगत, ह्या वेळी अमुक. सगळे माना डोलवत. आप्पा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं, आणि मी ते चोख केलं अशी माझी समजूत आहे. धान्याच्या मोंढ्यात आपल्या आडत दुकानाला जो मान आहे त्यात घरच्या मतांच्या ह्या गठ्ठ्याचाही वाटा आहे. लोक म्हणतात, संगप्पाअण्णाच्या घरची मतं म्हणजे दगडावरची रेघ. यंदा ती नऊ झाली, कशी ते सांगतो. मी, रत्नम्मा, आमचा रुद्रेश, सून शिवांगी, आपला धाकटा शिवलिंग, त्याची अंबिका, आणि त्यांची तीन पोरं, त्यातल्या आरतीचं ह्या वर्षी पहिलंच मत. तर यंदा तूर पक्षाचा कार्यकर्ता व्यंकट दुकानावर आला, गादीवर टेकला, चहा प्याला, आणि मी त्याला म्हणालो, नऊच्या नऊ तुझी. मोंढ्यात पावती नंतर फाटते, आधी शब्द चालतो. चाळीस वर्षांत मी दिलेला शब्द परत घेतला नव्हता.

सोमवारी पूजा झाल्यावर मी गंध लावून सांगितलं, ह्या वेळी तूर. आठ माना डोलायच्या त्यातल्या सातच डोलल्या. शिवांगी म्हणाली, "मामा, तूर का?" अक्का, ती उदगीरची पोरगी, शिकलेली, मान देऊन बोलते. पण आजवर मला "का" असं कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, अनुभव. तिने विचारलं, कशाचा? तेवढ्यात अंबिकाने दूध उतू गेल्याचं सांगून मला वाचवलं. (दूध उतू गेलं नव्हतं. अंबिका माझ्यावर उपकार करते आणि मग आठवडाभर त्याची आठवण करून देते.)

शेवटी शिवांगीनेच तोड काढली. म्हणाली, आपण घरात आधी गुप्त मतदान करू. ज्याला बहुमत, त्याला सगळे. तुमचा शब्दही राहील आणि कुणाचं मनही मोडणार नाही. मला हे पटलं, कारण बहुमत तुरीला मिळणार ह्याबद्दल मला शंका नव्हती. देवघरात तांब्याची घागर ठेवली. एका ठिकाणी दाण्यांच्या वाट्या ठेवल्या तर कुणी काय उचललं ते दिसेल, म्हणून असं ठरलं की प्रत्येकाने घरात जिथून मिळेल तिथून तुरीचा किंवा हरभऱ्याचा एक दाणा मुठीत झाकून आणायचा आणि घागरीत टाकायचा. धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात दाण्याला काय तोटा. नऊ जण एकेक करून गेले. मीही माझी तूर टाकून आलो. मग मी घागर परातीत उपडी केली. तूर पाच, हरभरा चार. तूर जिंकली होती. इथे गप्प बसून जेवायला वाढा म्हणालो असतो, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण अक्का, चाळीस वर्षं मी दाणा पारखून पोट भरलं आहे. पोत्यात हात घातला की रेणापूरचा माल कुठला आणि निलंग्याचा कुठला हे मी डोळे मिटून सांगतो. नऊ दाणे समोर पसरले आणि माझी बोटं आपोआप चालायला लागली. हातावर चोळून चकचकीत झालेली ती तूर दुकानातल्या नव्या नमुन्यातली, म्हणजे नमुने सांभाळणाऱ्या रुद्रेशची. ह्या तीन घरच्या डब्यातल्या, अंबिका आणि तिची दोन पोरं, आईच्या मागोमाग जाणारी. पांढरा टपोरा काबुली हरभरा उदगीरहून आलेला, म्हणजे शिवांगी. हा फुगलेला हरभरा उसळीला भिजत घातलेला, म्हणजे आरतीने आळसाने हाताशी आलेला उचलला. हा किडका हरभरा दुकानातल्या गादीशेजारच्या खणातला, तिथे बसतो तो सख्खा भाऊ शिवलिंग. मी हे सगळं मोठ्याने, एकेक दाणा वर धरून सांगत होतो. कौतुक होईल अशी माझी अपेक्षा होती. शेवटचा हरभरा उचलला तर बोटाला पांढरी भुकटी लागली. बोरिक पावडर लावलेला हरभरा आमच्या घरात एकाच डब्यात असतो, वरच्या फळीवर, आणि त्या डब्याला रत्नम्माखेरीज कुणी हात लावत नाही. सगळं घर माझ्या बोटाकडे बघत होतं.

पुढचे तीन दिवस विचारू नको. शिवलिंग दुकानात माझ्याशी हमालामार्फत बोलला. आरती म्हणाली, माझं पहिलंच मत आणि तेही उघडं पडलं. शिवांगीने देवघरातली घागर उपडी करून ठेवली, ते जास्त लागलं. रत्नम्माने जेवायला तूर आणि हरभरा एकत्र घालून वरण केलं आणि तिन्ही दिवस तेच केलं. मला मात्र एकच गोष्ट डाचत होती. पस्तीस वर्षं संसार झाला, आणि माझी बायको हरभऱ्यात आहे हे मला बोरिक पावडरीवरून कळावं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. मी जवळ जाऊन बसलो आणि विचारलं, हरभरा का? आधी तिला वाटलं मी भांडायला आलो. मग मीही शेंगा निवडायला घेतल्या हे बघून ती बोलायला लागली आणि तासभर बोलली. नळाचं पाणी कुणाच्या काळात किती दिवसांनी येत होतं, आरतीच्या कॉलेजची लातूरची बस कधी बंद झाली, सोयाबीनला कधी काय भाव फुटला, कोण उमेदवार निवडून आल्यावर औशात किती वेळा फिरकला. (आमचा जिल्हा लातूर आणि खासदार धाराशिवचा, त्यामुळे तो आला काय न आला काय, असं मी आजवर म्हणत आलो. तिने मात्र तारखा लक्षात ठेवल्या होत्या.) मी तुरीच्या बाजूने माझं म्हणणं मांडलं. तिने तेही ऐकून घेतलं, दोन ठिकाणी हाव, बरोबर, म्हणाली, तीन ठिकाणी मला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत बसलो. तिसऱ्याही दिवशी. शेंगा संपल्या होत्या तरी बसलो. अक्का, खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत आम्ही पाहुणे, लग्नं, दुखणी आणि गॅस ह्यांच्यावरच बोलत आलो होतो.

तिसऱ्या संध्याकाळी मी म्हणालो, आता शेवटचं काय ते सांग, कुणाला देणार? तिला तोंडाने बोलायचं नसेल म्हणून खांद्यावरचा रुमाल काढून तिच्या हातावर टाकला. तुला आठवत असेल, आमच्या उमेदीत मोंढ्यात उघडा लिलाव नव्हता. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळायचं नाही. मी म्हणालो, तुरीला एक बोट, हरभऱ्याला दोन. तिने रुमालाखाली माझा हात धरला, पण बोट काही दाबलं नाही. म्हणाली, "रुमालाखालचा भाव तुम्ही मला कदी सांगितला न्हाई. म्या कदी विचारला बी न्हाई. मग माझाच भाव कशाला काढून घेऊन राहिलाव?" आणि रुमालाची घडी करून माझ्या खांद्यावर ठेवून ती आत गेली.

अक्का, हे माझं मला सुचायला हवं होतं. रुमालाखालचं बाहेर काढणाऱ्याला मोंढ्यात कुणी उभं करत नाही, आणि मी घरातल्या नऊ जणांचं परातीत ओतून मोठ्याने वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून म्हणालो, चुकलो. ह्या वेळेपासून ज्याचं मत त्याचं, घागर परत पाण्याला. आरतीने माझ्या पाया पडून माझी पंचाईत केली.

मग राहिला व्यंकट. शब्द परत घ्यायचा म्हणजे काय हे मला ठाऊकच नव्हतं, कधी घेतलाच नव्हता. प्रचाराच्या रिक्षापाशी तो उसाचा रस पीत होता. मी म्हणालो, व्यंकट, नऊचं काही खरं नाही. माझ्या एकट्याचं बोलतो, बाकी आठ मला माहीत नाहीत. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने मलाही एक ग्लास सांगितला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, कुणाला बोलू नका. माझ्या घरची चार हायती. माझं सोडलं तर एकाची बी ग्यारंटी न्हाई. म्या वर आकडा कळवला तो तसलाच हाय." मग हरभऱ्यावाल्या भागवतचीही हीच गत असल्याचं त्याने सांगितलं. एवढा मोठा देश, अक्का, आणि कुणालाच काही माहीत नाही. मला का कोण जाणे, त्या रसाच्या गाड्यावर उभं असताना फार हलकं वाटलं. उद्या सगळ्यांना सगळं आधीच माहीत असेल तर मत द्यायला उन्हात कशाला जायचं?

परवा आम्ही नऊही जण सकाळी सातला शाळेत गेलो. व्यंकट आणि भागवत शंभर मीटरच्या रेघेबाहेर एकाच झाडाखाली टेबलं मांडून बसले होते आणि एकाच जारचं पाणी पीत होते. आरतीने शाईचं बोट दिवसभर कशालाही लावू दिलं नाही, जेवली तीही चमच्याने. घरी आल्यावर नऊ बोटांचा फोटो काढला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मी तर मुळीच नाही. माणूस सुधारतो, अक्का, हे तू दाजींनाही वाचून दाखव.

उद्या जयंतीची मिरवणूक आहे, आरतीला लेझीम आहे. तू असतीस तर बरं झालं असतं. थोरांना नमस्कार, नातवंडांना गोड पापे.

तुझा धाकटा भाऊ,
संगप्पा

ता. क. – रत्नम्मा तुझ्यापासून काही लपवत नाही. फोनवर सहज विषय काढून तिने शेवटी कुठलं बटण दाबलं तेवढं विचार आणि मला कळव. मी विचारायला सांगितलं असं म्हणू नको. मी सुधारलो आहे हे खरं, पण झोप लागत नाही हेही खरं.

ता. क. दुसरा – आता तुझ्यापासून कशाला लपवू. मी हरभरा दाबला. यंत्रासमोर उभा राहिलो, बोट तुरीकडे नेलं, आणि तिच्या तीन संध्याकाळी आठवल्या. आयुष्यभर लोकांचा माल पारखला, हिचं बोलणं एकदाच पारखून बघितलं, आणि माल चोख निघाला. पण हे तिला कळू देऊ नको. चढून बसेल.

ता. क. तिसरा – डाळ पाच किलो आहे. पार्सल रत्नम्मा शिवणार आहे, म्हणून हे पाकीट खळीने घट्ट चिकटवलं आहे.

अक्का, मी रत्नम्मा लिहिते. खळ ओली होती, पाकीट आपोआप उघडलं. तुमच्या भावाला वाटतं की आजवर ह्या घरची सगळी मतं त्यांच्या शब्दाबरोबर गेली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर वेळी माझ्या मनाचंच दिलं. त्यांनी हुकूम केला, मी मान डोलवली, आणि आत जाऊन माझं मी केलं. ह्या वेळी पहिल्यांदा त्यांनी विचारलं, आणि माझ्यासाठी व्यंकटकडे जाऊन दिलेला शब्द परत घेतला. म्हटलं, एक तरी मत त्यांच्या शब्दाचं राहू द्यावं. म्हणून मी तूर दाबली. आता हे वाचून कळलं की ते हरभऱ्यात गेले. म्हणजे बेरीज होती तिथंच आहे. डाळीला ऊन दाखवून मगच डब्यात भरा. आणि ह्यांना यातलं काही कळवू नका. पुढच्या निवडणुकीला परत विचारतील, परत तीन दिवस ओट्यावर येऊन बसतील. शेंगा मी ठेवीन.