पळाला की सांगतो

१२ ऑगस्ट १९७८

आमच्या वडलांनी, आप्पांनी, आज माझी पार लाज घालवली! फौजदारापुढे नुसतेच तोंड उघडून बसले.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला म्हणून आमच्या गावात बन्सीची वस्ती पेटवली. बन्सी म्हणजे चिकलठाण्याच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवरचा, माझ्याच डब्यात जेवणारा. त्याची आई आवडाबाई भाजून घाटी दवाखान्यात पडलीय. आप्पा त्या रात्री मेंढरं घेऊन ओढ्यापलीकडे होते. "पेटवून पळताना एकाला पाह्यलं मी, घोंगडी पांघरलेला व्हता," हे त्यांनीच आपण होऊन बन्सीला सांगितलं. तो आशेने त्यांना ठाण्यात घेऊन गेला, मीही गेलो.

"उंच का बुटका?" — "नाय आठवत." "पळत कसा होता?" — "सांगता येत नाय, साहेब." "मग ओळखणार कसं?" — "पळाला की सांगतो."

सगळं ठाणं हसलं. बन्सी हसला नाही.

१३ ऑगस्ट

थोरला भाऊ मुंजाबा म्हणतो, "म्हातारं माणूस, कशाला नेता त्यांला? आपण मेंढरामागची माणसं. त्या भानगडीत पडू नाय." अर्धं गाव हेच म्हणतं. भित्रे लेकाचे!

२० ऑगस्ट

सुट्टी. गावी गेलो. कळपातली एक मेंढी हरवलेली. मी मुद्दाम विचारलं, दिसायला कशी होती? आप्पांना धड सांगता येईना. कपाळावर ठिपका? "असंल." तेवढ्यात केरबाचा कळप टेकडीवरून उतरला आणि आप्पा बसल्या जागेवरून ओरडले, "ती बघ आपली!" केरबा आधी भांडला, मग कानावरची आमची खूण बघून त्याने मेंढी सोडली.

म्हणजे आठवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. आत सगळं आहे, पण बोलावून बाहेर येत नाही. समोर आलं की क्षणात! हे त्या फौजदाराला कोण सांगणार? त्याला जबानी हवी.

२ सप्टेंबर

आवडाबाई गेली.

६ सप्टेंबर

बन्सी कामावर आला. डबा लांब बसून खाल्ला. मी हाक मारली, तर म्हणाला, "भूक नाय." भाकरी तर खात होता!

११ सप्टेंबर

हर्सूलच्या तुरुंगात, संशयावरून धरलेल्यांची ओळखपरेड. मी, मुंजाबा आणि बन्सी फाटकाबाहेर. आप्पा बाहेर आले ते मान खाली घालूनच. "ओळीनं उभी केली व्हती. ओळखशील त्याच्या खांद्यावर हात ठेव म्हणले. मी म्हणलं, जरा पळवा की त्यांला. साहेब लई चिडले."

हात कुणाच्याच खांद्यावर ठेवला नाही. म्हणजे सगळे सुटणार! बन्सी एवढंच म्हणाला, "आप्पा, नीट बघितलं ना?" आणि सायकल काढून निघून गेला.

माझं डोकं फिरलं. भर रस्त्यात बोललो, "एवढी मेंढरं ओळखता, एक माणूस ओळखता येत नाही? का ओळखायचंच नव्हतं?" म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. त्यात सिल्लोडकडून आलेली यष्टी थांबेना. जन्मात कधी घाई न करणारा मुंजाबा तिच्यामागे पळाला, आरडाओरडा करून थांबवली. आणि आप्पा रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. उठेचनात! "ऊन लागलं," म्हणत मुंजाबानेच त्यांना धरून गाडीत चढवलं.

१७ सप्टेंबर

पुन्हा गावी. आप्पा धड जेवत नाहीत. मुंजाबाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तोही घेतला नाही. माझ्या बोलण्याचा राग असणार. असू दे! माझा तरी कुठे गेलाय?

२४ सप्टेंबर

आज मेंढरांपाशी आप्पा माझ्याकडे न बघता बोलले. "ओळखलं मी त्याला. हर्सूलला. यष्टीमागं पळाला तवा."

यष्टीमागे आमच्यातला एकच माणूस पळाला होता.

उद्या पहिली पाळी. शेजारच्या मशीनवर बन्सी.