बसलेल्या मुलीच्या आईचं उत्तर

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (नेहमीसारखा वाकूनच, पण या खेपेला पाठ जरा ताठ ठेवून. का ते पुढे वाचाल.) तुमचा रक्तदाब कसा आहे? हे पत्र वाचण्याआधी एकदा मोजून घ्या आणि वाचून झाल्यावर पुन्हा मोजा, म्हणजे बहिणीमुळे नेमका किती चढला ते कळेल. जेवणातल्या मिठाचा हिशोब उगीच माझ्या नावावर नको. वहिनींचं गुडघ्याचं दुखणं कमी झालं असेल अशी आशा करते. तुमच्या पत्रात त्यांनी काहीतरी विचारलं होतं असं दिसतं, पण पहिल्या पानावर तुम्ही ‘मुलीने घराण्याच्या तोंडाला काळं फासलं’ हे वाक्य लिहून त्याखाली इतक्या जोरात रेघ ओढलीत की कागद फाटला, आणि मागल्या बाजूची वहिनींची विचारपूस त्या फटीत गेली. त्यांना वेगळं लिहायला सांगा. देवाच्या दयेने आम्ही इकडे सुखरूप आहोत. सुखरूपच नव्हे, विजयी आहोत.

तुम्ही हुकूम केला होता की मुलीला घेऊन क्रीडामंडळाच्या सभेला जा, माफीनाम्यावर सही करायला लाव आणि तसं कळव. थोरल्या भावाचा शब्द मी कधी खाली पडू दिलेला नाही. मी गेले, मुलीला घेऊन गेले, आणि आता कळवते आहे. मधल्या सहीचं तेवढं जमलं नाही.

आमच्या घरात जिला आपण अजून चिऊ म्हणतो ती चौकटीत डोकं वाकवल्याशिवाय शिरत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. त्या उंचीवरच ती मंडळाच्या व्हॉलीबॉल संघाची कर्णधार झाली. तर सामन्याआधी राष्ट्रगीत सुरू झालं, समोरचा संघ ताठ उभा राहिला, आणि आमच्या मुली मैदानातच मांडी घालून खाली बसल्या. मान खाली, हात गुडघ्यांवर, तोंडातून शब्द नाही. गीत संपल्यावर उठल्या, खेळल्या आणि सामना जिंकल्या. (हे शेवटचं कुठल्याही बातमीत नाही. मी मुद्दाम सगळ्या बातम्या पाहिल्या.)

आणि बातम्या पाहणं म्हणजे काय शिक्षा होती ते सांगते. बाबांनी लावलेली शिस्त तुम्हालाही आहे: राष्ट्रगीत कानावर आलं की हातातलं काम टाकून उभं राहायचं. बाबा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या गालाला साबण असताना उठले होते. तीच शिस्त मी माझ्या घरात लावली. चिऊ लहानपणी तोंडात टूथपेस्ट घेऊन उभी राहिलेली आहे. आता त्या वाहिन्यांवर चर्चेला बसलेली माणसं एकमेकांवर ओरडून दमली की मध्येच मुलींचं ते चित्रण दाखवायचे, गीतासकट. झालं, आम्ही उभे. बसून घास घेतो न घेतो तोच पुन्हा तेच. त्यात वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा टीव्ही आमच्यापेक्षा किंचित मागे चालतो, त्यामुळे आमचं संपून आम्ही टेकलो की छतातून त्यांचं सुरू. भाजी गार, पाय गरम. हे म्हणाले की आवाज बंद करून पाहू. मी म्हटलं, आवाज बंद केला म्हणून गीत थांबतं का? शेवटी यांनी ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवायला सुरुवात केली, म्हणजे उठाबशांची कटकट नाही.

यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘जावईबापूंचं यावर काय मत आहे ते कळवावं’. दादा, यांना मत नाही असं नाही, पण ते समोरच्या माणसाप्रमाणे असतं. औषधाच्या दुकानदाराने ‘पोरींनी बरोबर केलं’ म्हटल्यावर हे हो म्हणून आले. कचेरीत साहेब म्हणाले अशा मुलींना संघातून हाकलावं, तिथेही हो म्हणून आले. जिन्यात दोन विरुद्ध मतांची माणसं एकदम भेटली तेव्हा हे चप्पल शोधत परत वर आले. सगळ्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. ज्यांनी आयुष्यात चेंडूला हात लावला नाही ते व्हॉलीबॉलवर बोलत होते, आणि ज्यांच्या घरच्या मुली आईबापाला उलट उत्तर देतात ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते.

मी स्वतः चिऊला काय बोलले ते लिहीत नाही. तुमच्या पत्राहून ते सौम्य नव्हतं एवढं सांगते, आणि माझ्याकडे फाटायला कागद नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई, उभं राहणं मला सोपं होतं गं. पाठ आहे ते. बसायलाच सगळी ताकद लागली.” आणि मग तिने कारण सांगितलं, जे तोवर कोणीच विचारलं नव्हतं. (मीसुद्धा नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.)

कारण होतं एक दार. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला दार नाही. पूर्वी होतं. अध्यक्षांच्या केबिनच्या दाराला वाळवी लागली, तेव्हा मुलींच्या खोलीचं काढून तिथे लावलं. नवीन येईपर्यंत, असं सांगून. तेव्हापासून दोघी चादर धरून उभ्या राहतात आणि बाकीच्या आत कपडे बदलतात. चादर म्हणजे कोणती, तर आपल्या घरची निळ्या काठाची, जी दोरीवरून उडाली म्हणून मी शिक्षिकाबाईंच्या गॅलरीत दोनदा डोकावून आले होते. (मी ती ‘हरवले’च्या खात्यात टाकली होती, आता पुन्हा जमेला घ्यावी लागली.) मुलींनी अर्ज दिले. अर्ज मिळाल्याचं उत्तर आलं, दार आलं नाही. आणि मग गेल्या महिन्यात तिकीटबारीवरच्या माणसाने चादरीवरून फोन उंच धरून आतला फोटो काढला. फोटोत होती संघातली सगळ्यांत धाकटी मुलगी. तो माणूस अध्यक्षांचा मेहुणा. अध्यक्ष म्हणाले, गंमत केली असेल, फोटो पुसलाय त्याने, उगाच बोभाटा करू नका, तुमचीच नावं खराब होतील. ती धाकटी त्यानंतर घरूनच खेळाचे कपडे घालून, वर कोट चढवून येते. भर उन्हात.

हे ऐकल्यावर मी देवापुढे जाऊन बसले. पण खरं सांगते, तरीही माझं ठरलं होतं ते माफीचंच. दार आपलं, पण गीत सगळ्यांचं. आधी माफी मागू, संघातली जागा राखू, मग मी स्वतः दारासाठी जाऊन अध्यक्षांचं डोकं खाईन, असा माझा विचार. कारण सही नाही केली तर नाव कायमचं खोडणार होते, आणि या मुलीला व्हॉलीबॉलशिवाय दुसरं काही येत नाही, भातसुद्धा बिघडवते. मी पर्समध्ये माझं पेनही घेतलं, मंडळाचं पेन सुतळीला बांधलेलं असतं आणि उठत नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. (हे मत द्यावं लागू नये म्हणून बाहेर पायऱ्यांवरच थांबले होते.) पुढे मंचावर अध्यक्ष आणि कार्यकारिणी, समोर टेबलावर माफीनामा टाइप करून ठेवलेला, बाजूला चहा आणि बिस्किटं. चिऊला आरोपीसारखं एका टोकाच्या खुर्चीवर बसवलं होतं, गुडघे जवळजवळ हनुवटीला. अध्यक्षांनी देशप्रेमावर भाषण केलं. चांगलं होतं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, या मुलींनी काय केलं ते सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी संपूर्ण पाहावं, म्हणून आपण मोठ्या पडद्यावर दाखवतोय. दिवे घालवले. पडद्यावर मैदान आलं, आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

मी उभी राहिले. यात माझा काही डाव नव्हता दादा, देवाशपथ. तुम्ही असता तर तुम्हीही राहिला असता. हात सरळ, नजर समोर, जसं बाबांनी शिकवलं. सवयीने बाजूला कोणी उभं असेल असं वाटलं, तर बाजूला गुडघे. पुढे पाहिलं तर डोकी. सगळं सभागृह बसलेलं. मंचावरची कार्यकारिणी बसलेली. खजिनदार बिस्किट बुडवत होते. उभ्या होत्या दोघीच, या टोकाला मी आणि त्या टोकाला, पडद्यावर स्वतःचीच सावली पाडत, आमची चिऊ. तीही सवयीनेच उठली होती. टूथपेस्टच्या दिवसांपासूनची सवय.

आणि तेवढ्यात अध्यक्ष माइकवरून म्हणाले, “ओ बाई, खाली बसा. मागच्यांना दिसत नाहीये.”

गीत चालू होतं म्हणून मी उत्तर दिलं नाही. गीतात बोलत नाहीत. पण सभागृहातली कुजबुज आधी थांबली आणि मग निराळ्या सुरात सुरू झाली. मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली, मग दुसरी. खजिनदारांचं बिस्किट चहात पडलं. शेवटची ओळ आली तेव्हा जवळपास सगळे उभे होते, अध्यक्षही, फक्त त्यांच्या हातात कप राहिला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. दिवे लागले. कोणी बसेना, कारण आधी कोण बसणार हा प्रश्न होता. तेव्हा मी पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, “अध्यक्षसाहेब, माफीनामा एकच आणलाय का? एवढ्या माणसांना कसा पुरेल?”

दादा, मॅट्रिकला निबंधात मला कधी पूर्ण गुण मिळाले नाहीत, पण त्या एका वाक्याला जे हसू आणि ज्या टाळ्या मिळाल्या, त्या मी अजून कानात साठवून आहे. अध्यक्ष म्हणाले, पडद्यावरचं गीत वेगळं, मैदानावरचं वेगळं. शिक्षिकाबाई उठून म्हणाल्या (त्याही आल्या होत्या, मला वाटलं होतं मजा बघायला) की आमच्या घरी टीव्हीवरचं गीत लागलं तरी खालच्या मजल्यावर खुर्च्या वाजतात, आम्हाला दिवसभर ऐकू येतं. मग चिऊ बोलली. आवाज चढवला नाही. दाराचं सांगितलं, चादरीचं सांगितलं. फोटोचं सांगताना तिने धाकटीचं नाव घेतलं नाही, पण तिसऱ्या रांगेतून ती धाकटीच कोट काढून उभी राहिली आणि म्हणाली, “माझा होता.”

पुढचं मी करायला सांगितलं नाही. कोणीतरी म्हणालं, दार कुठाय दाखवा. सगळा लोंढा केबिनकडे. पॉलिशखालून ‘महिला’ ही अक्षरं तिरक्या उजेडात स्वच्छ वाचता येत होती. अध्यक्ष इतके दिवस त्याच दारातून ये-जा करत होते. स्क्रू-ड्रायव्हर आला, बिजागऱ्या निघाल्या, आणि दार आडवं करून मिरवणुकीसारखं मैदानापलीकडे नेलं. पुढचं टोक कोणी धरलं होतं ओळखा. यांनी. त्या वेळी सभोवती सगळे एकाच मताचे होते, त्यामुळे यांना फार सोपं गेलं. पण घामाघूम होऊन परत आले तेव्हा म्हणाले की आज साहेब भेटले असते तरी मी दार सोडलं नसतं. मी त्यांना दुसऱ्यांदा साखर घालून चहा दिला. माफीनामा टेबलावर तसाच राहिला, चहाचा डाग पडून. चिऊचं नाव संघात कायम आहे, कर्णधार म्हणूनच.

तेव्हा घराण्याच्या तोंडाविषयी तुम्ही निश्चिंत असावं. ते धुऊन पुसून जागच्या जागी आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. औषध वेळेवर घ्यावं.

तुमचा हुकूम अर्धा पाळणारी,
तुमची बहीण

ता. क. चादर परत आली. काठ विटलाय, पण अजून चालेल.

आणखी एक. दार लागलं, कडीही लागली, पण तो मेहुणा अजून तिकीटबारीवर बसलाय. ‘चौकशी चालू आहे’ म्हणतात. धाकटी त्याच्यासमोरून आत जाते. म्हणून येत्या रविवारी मुली पुन्हा बसणार आहेत, आणि या वेळी मीही त्यांच्याबरोबर बसणार आहे. दचकू नका. मी पुष्कळ विचार केला. रोज सकाळी देवापुढे मी बसूनच असते, त्याने आजवर कधी अपमान मानला नाही.

सगळ्यात शेवटचं, आणि खरं म्हणजे एवढ्याचसाठी पत्र लिहायला घेतलं होतं. खुर्चीवर बसले तर लोक म्हणतील बाई दमली. निषेध आहे हे कळायचं तर जमिनीवरच बसायला हवं. बसायचं माझं मी बसेन. पण दादा (आता अहोजाहो पुरे), एकदा खाली बसलं की माझ्याने उठवत नाही, आणि गीत संपल्यावर तसंच बसून राहणं बरं दिसणार नाही. हे दुसऱ्या बाजूला असतीलच, पण एका हाताने भागत नाही. तू रविवारी ये. तुला बसायला सांगत नाही, तू शेजारी ताठ उभा राहा, बाबांसारखा. गीत संपलं की फक्त हात दे.