एकवीस तारखेची संध्याकाळ

कतारगाम, सुरत
मंगळवार, २४ मार्च २०२६

चि. सुकलाल यास लक्ष्मणभाऊचा जय भीम आणि आशीर्वाद.

तू बारडोलीला नीट पोहोचलास हे तुझ्या धम्मपालकडून कळले. गुडघा कसा आहे? इथे ऊन आत्ताच भाजायला लागले आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. अक्षराला हसू नकोस, सहावीतही असेच होते.

तू दाराला अडकवून गेलेला गूळ मिळाला. मुंग्या लागतील म्हणून शेजारच्या चंचलबेननी काढून ठेवला होता. म्हणाल्या, "काका, तमारा भाई आव्या हता. बहु गुस्सामां हता." तू काय बोललास तेही त्यांनी सांगितले. "आठ वर्षांनी बोलावतो आणि कुलूप लावून जातो." सुकलाल, तसे नाही रे. मला अचानक बाहेर काम निघाले होते.

आधी तारखेचा घोळ सांगतो, नाहीतर तुझा राग जायचा नाही. आम्हा बहाई लोकांचा दिवस सकाळी नाही, सूर्य मावळल्यावर सुरू होतो. नवरोज म्हणजे आमचे नवे वर्ष. ते एकवीस मार्चचे, पण लागते वीस तारखेच्या संध्याकाळी. दिवसा पाणीही न घेण्याचे आमचे उपासाचे दिवसही तेव्हाच संपतात. मी धम्मपालला फोनवर म्हणालो, "एकवीसचा नवरोज आहे, बाबाला सांग, संध्याकाळी जेवायला ये." माझ्या मनात शुक्रवार, तू आलास शनिवारी. तू बरोबरच आलास. आमच्यात सगळ्यांना हे ठाऊक असते, त्यामुळे उलगडून सांगावे हे माझ्या ध्यानातच आले नाही.

शुक्रवारी घरात पाच-सहा माणसे होती. आमच्यात पुजारी नसतो, ज्याच्याकडे पुस्तक जाते तो प्रार्थना वाचतो. यंदा माझी पाळी होती. आठवडाभर रोज मोठ्याने वाचून तयारी केली, अडखळलो तर तू हसशील या भीतीने. वरणबट्टी केली होती, सोबत घोटलेली वांगी. तुझ्या वहिनीच्या, सीतेच्या हाताची चव नव्हती, पण तिखट तुझ्या मापाने टाकले होते.

सूर्य मावळला. बँकेतून रिटायर झालेले मुकुंदराव पेला घेऊन पुढे आले. "काका, पाणी घ्या."

"भाऊ येतोय," मी म्हणालो. "बारडोलीची बस रखडली असेल."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग ते वैतागले. "सत्तरीनंतर उपास माफ असतो काका. तुमचे वय त्र्याहत्तर. हा हट्ट कुणासाठी?"

त्यांना काय सांगणार? आठ वर्षांपूर्वी सीतेला आमच्या रीतीने दफन केले त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास, "सण परके केलेस, आता मातीही परकी केलीस." ते मनात राहिले आहे. मला वाटले, एकदा तू या सणाला माझ्या पाटाला पाट लावून बसावेस. पण जो उपास धरलाच नाही, तो भावाबरोबर सोडणार कसा? म्हणून धरला.

बाहेर काम निघाले असे वर लिहिले ते खोडत नाही, पण खरे नाही. सगळ्यांना वाढले, मी दाराकडे बघत बसलो. वाचायला पुस्तक हातात दिले तेव्हा उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधार आला. मुकुंदरावांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले. शनिवारी तू कडी वाजवत होतास तेव्हा मला सलाईन लागले होते आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. काल घरी आलो. घाबरू नकोस, धावत येऊ नकोस. डॉक्टर म्हणतात काही नाही. काही नाही तर दर आठवड्याला का बोलावतात, हे मात्र सांगत नाहीत.

थकलो आहे, सुकलाल. उपासाने नाही.

कुलूप नसते तर तू आत आला असतास. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला असता, आईने दिलेला, तोच. मी तो काढला असेन असे तुला वाटते ना? चौदा एप्रिलला तुमच्याकडे बोलावलेस तर येईन. पंचशील मला अजून पाठ आहे.

आणि एकवीस एप्रिलला आमच्या रिझवान सणाचा पहिला दिवस आहे. त्या दिवशी आम्ही काम बंद ठेवतो, दुपारी तीनला जमून प्रार्थना म्हणतो. मंगळवार आहे. तू दुपारी तीनलाच ये. दुपारी तुझीही एकवीस असते आणि माझीही.

वाचायचे माझ्याकडेच ठेवले आहे. तू आलास की सुरू करीन.

दार नुसते लोटून ठेवणारा,
तुझा भाऊ
लक्ष्मण