लोरेटा मावशी, तुझ्याविषयी मी वाळवंटात बोललो

प्रिय लोरेटा मावशीस,

तुझ्या ओल्या टॉवेलचा साष्टांग नमस्कार. (इथे वाळवंटातल्या कलामेळ्यात प्रत्येकाला नवं नाव मिळतं, ते आपण निवडायचं नसतं. स्टेजच्या नुसत्या विचाराने मी घामाने भिजतो, म्हणून मला 'ओला टॉवेल' मिळालं. माझ्या मैत्रिणीला, ब्रिनला, 'वादळ' मिळालं. ती रीनोच्या टॅक्स ऑफिसात शिक्के मारते.) तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देतायत ना? माझ्या कानात, नाकात आणि सँडविचमध्ये धूळ आहे, पण मन एकदम स्वच्छ.

मावशी, मी बदललोय! चार माणसं समोर आली की माझी वाचा बसते, हे तुला माहितीय. डेबीच्या लग्नात दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि ग्लास धरून नुसता हसत राहिलो, तेव्हा तूच ओरडलीस, "बस खाली गाढवा, केक वितळतोय!" म्हणून ठरवलं, या वर्षी मेळ्यात सगळ्यांसमोर बोलायचंच. नाही जमलं तर जन्मभर वॉल्टकाकाच्या टायरच्या दुकानात गप्प बसायचं. सोबतीला तुझा अकॉर्डियन घेतला. (विचारणारच होतो, पण तू झोपली होतीस, आणि डॉक्टरांनी तुला झोप सांगितलीय.)

आता अकॉर्डियनच्या आतल्या सूरपट्ट्या चिकटवलेलं मेण उन्हात वितळतं, म्हणून पाणी प्यायला जाताना मी तो लाकडी मंदिराच्या सावलीत ठेवला. बघ, किती काळजी घेतली! या मंदिरात लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या वस्तू ठेवतात, त्यांना कुणी हात लावत नाही, आणि शेवटी मंदिरासकट सगळं जाळतात. हे मला माहीत होतं गं. पण सावली तिथेच होती ना! परत येतो तर काय, अकॉर्डियनभोवती ही गर्दी मांडी घालून बसलेली. त्यावर चमकत्या खड्यांनी तुझं नाव लिहिलंय ना, ते वाचून. कुणीतरी सूर्यफूल वाहिलं होतं. गुलाबी घागरा घातलेला एक दाढीवाला हुंदके देत होता. मी अकॉर्डियन उचलायला वाकलो, तर मंदिर सांभाळणाऱ्या बाईंनी मनगट धरलं.

"नको रे राजा. जाऊ दे तिला."

"अहो, मला तो परत हवाय!"

"सगळ्यांनाच परत हवं असतं रे," म्हणाल्या, आणि मला मिठीत घेतलं. (आधी परवानगी विचारली. इथे विचारतात.)

"जिवंत आहे हो ती! फॅलनला राहते!"

"असतेच," दाढीवाला म्हणाला. "इथे जिवंत असते." आणि स्वतःच्या छातीवर दणका मारला. "बोल ना भावा तिच्याविषयी."

आणि मावशी, मी बोललो! खणखणीत! तू त्या कोल्ह्यासारख्या कोयोटीला चप्पल फेकून मारलीस आणि चप्पल परत आणायला त्याच्याच मागे धावलीस, ते सांगितलं. पत्त्यांत लबाडी करतेस आणि वर दुसऱ्यांचेच पत्ते मोजायला लावतेस, ते सांगितलं. टीव्हीवरच्या हवामानवाल्याला 'खोटारड्या' म्हणतेस, तेही. अख्खं मंदिर रडलं. तू गेलीस असं मी एकदाही म्हटलं नाही. (आहेस, असंही परत म्हटलं नाही. आवाज नुकता कुठे आला होता, त्याला धक्का बसला असता.) ब्रिन तर गळ्यात पडली, "मावशी कधी गेल्या रे? मला सांगितलंही नाहीस!" गेल्याच आठवड्यात तिने तुझ्या हातचे पॅनकेक खाल्लेत! असं बोललो मी!

तुझा, आता बोलका, भाचा
टोबायस

ता. क. अकॉर्डियन रविवारी मंदिराबरोबर जळाला. जळताना भात्यातून एक लांब सूर निघाला. सगळे म्हणाले, "लोरेटा बोलली!" मला तुझी जांभई वाटली.

आणखी ता. क. भावनेच्या भरात मी तुझा पत्ता दिलाय. येत्या शनिवारी बस भरून मंडळी तुझी रिकामी खुर्ची बघायला येतायत. तेवढा दिवस काकाकडे जाशील का? जाण्याआधी ओव्हनमध्ये तुझा गोड पीच पाय भाजून ठेव, 'तिच्या आठवणीतला पीच पाय' मी कबूल केलाय.

शेवटचा ता. क. काकाकडे नाहीच गेलीस, आणि दार तूच उघडलंस, तर कृपा करून त्यांच्यावर ओरडू नकोस. त्यांना वाटेल, आपल्या रडण्याने तू परत आलीस. मग ते कधीच जाणार नाहीत.