वाशरामकाकांच्या तीन वाट्या

२ जानेवारी
वाशरामकाका आईला म्हणाले, "आमची रूडी देतो त्याला. पण तुमच्या राणोला निदान तूप तरी कळतं का, ते बघू." उत्तरायण, म्हणजे संक्रांत झाली की बोलावलंय. गाय, म्हैस, शेळी, अशा तीन वाट्या. डोळे-नाक बांधून नुसत्या बोटाने ओळखायचं. सोपं आहे. गुरं राखणाऱ्या आहिराच्या घरात वाढलोय.

५ जानेवारी, पहाट
अभ्यास सुरू. थंडी झकास. म्हशीचं आधी गोठलं, दाणा मोठा, बोट टेकवलं तर दगड. गायीचं उशिरा, मऊ. शेळीचं अजून विचारच करतंय. आई म्हणते, ते तुझ्यावर गेलंय.

६ जानेवारी
नेमकं टेम्परेचर हवं म्हणून तापाचं थर्मामीटर लावलं. तुपाला ताप नाही. मग कढत्या तुपात बुडवलं, फुटलं. सगळं तूप फेकावं लागलं. आई बोलत नाहीये.

१३ जानेवारी
काकांनी ऐनवेळी उंटणीची चौथी वाटी मांडली तर? तयारी पूर्ण पाहिजे. लखपतला उंट पाळणाऱ्या जतांकडे दोन दिवस जाऊन येतो.

१९ जानेवारी, लखपत
इथे उंटणीचं तूप कोणी करतच नाही. ज्यांच्याकडे उतरलोय ते अलानाचाचा म्हणाले, "अरे, त्या दुधाचं लोणीच धड सुटत नाही. घुसळ तू, मी म्हातारा होतो तोवर." म्हणजे हा अभ्यास आपोआप पूर्ण. चाचा पावा फार सुंदर वाजवतात. एक सूर शिकून निघतो.

११ फेब्रुवारी
सूर बसत आलाय. रूडीचा फोन आला. "बापूंनी तीनदा वाट्या मांडल्या. आता वाट्याच विचारतायत, कुठाय तो?" म्हटलं, निघालोच. थंडी कुठे पळून जातेय?

८ मार्च
उंटांबरोबर खाडीपलीकडे गेलो होतो. रेंज नव्हती. जरा उकडतंय.

२ एप्रिल, दुपार, वाशरामकाकांच्या ओसरीवर
डोळे बांधले. पहिली वाटी: तेल. दुसरी: तेल. तिसरी: तेल. मी म्हटलं, काका, ही परीक्षा थंडीतली आहे. ते म्हणाले, "बोलावलंही थंडीतच होतं." रूडी म्हणाली, "तूप निदान हिवाळ्यात तरी घट्ट होतं. तू बारा महिने पातळ."

३ एप्रिल
काका 'नाही' म्हणालेले नाहीत. काहीच म्हणालेले नाहीत. नवा प्लॅन: येत्या जानेवारीत पुन्हा. अभ्यासाला भरपूर वेळ आहे.

२५ मे
अंधारी तेरस, म्हणजे वैशाख वद्य त्रयोदशी. आमच्याकडची सगळी लग्नं आजच. रूडीचंही. नवरा रणमल. तो म्हणे फेब्रुवारीतच येऊन तिन्ही वाट्या ओळखून गेला होता.
काकांनी मला पंगतीत तूप वाढायला उभं केलं. रूडीच्या ताटात धार धरली. तिने मान वर न करता विचारलं, "कशाचं आहे रे?"
बोट बुडवून बघितलं. गरम होतं. सांगता आलं नाही.