अकरा कंडेन्सर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. मानवत

आले एकदाची! परभणीपासून एसटीत उभ्याने आले, तरी मूड झकास. नाशिकला दोन वर्षं मोबाइलच्या काचा बदलून जीव विटला होता. इथे खरं काम आहे. रुद्रेशदादांचं दुकान मोंढ्याच्या, म्हणजे इथल्या शेतमाल बाजाराच्या, तोंडाशी, वर माझी खोली, खिडकीतून कापसाच्या गाड्यांची रांग दिसते. जिनिंगवाल्यांचे वजनकाटे अजून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर चालतात, नव्यावर ते प्रोग्रॅम उघडतच नाहीत. म्हणून ते जुने खटारे जगवायचे. आजार बहुतेकांचा एकच, बोर्डावरचे कपॅसिटर. इथे सगळे कंडेन्सर म्हणतात, संध्याकाळपर्यंत मीही म्हणायला लागले. नखाएवढे डबे, करंट धरून ठेवणारे. म्हातारे झाले की गळतात आणि मासळीसारखा वास मारतात. आमच्या देशस्थी नाकाला तो वास ओळखायला अख्खा डिप्लोमा लागला.

५ नोव्हेंबर, बुधवार

रुद्रेशदादांचा नियम एकच आणि तो दिवसातून चारदा ऐकवतात. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये करंट दडून बसतो. आधी त्याच्या दोन तारांना, म्हणजे पायांना, रेझिस्टर लावून तो रिकामा करायचा, मीटरवर शून्य दिसलं की मगच हात लावायचा. मला काय हे नवीन आहे? पण मान डोलावली.

दुपारी त्यांच्या लांबच्या काकू, गौराबाई, रिक्षातून आल्या. मांडीवर लॅपटॉप, पायाशी यूपीएस, वायर जोडलेली, लॅपटॉपचा हिरवा दिवा चालू. मला हसू आवरेना. त्यांचं म्हणणं असं, की स्क्रीन लय थरथरायलीय, नीट करा, पण चालूच ठेवून. दिवा इझू द्यायचा न्हाई.

त्या गेल्यावर दादांनी सांगितलं आणि माझं हसू गेलं. सात वर्षांपूर्वी गौराबाईंची मुलगी शिवकन्या भरदुपारी ह्याच लॅपटॉपवर काम करता करता बसल्या जागी लिंगैक्य झाली, म्हणजे गेली. माझ्याच वयाची. माणूस गेलं त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात. तिथे हा हिरवा दिवा आधीच जळत होता, बाईंनी तोच ठेवला. दहा दिवस सरले, पण विझवायला त्यांचा हात होईना. तेव्हापासून त्या सलग झोपलेल्या नाहीत, सारख्या उठून दिवा बघतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चालू बोर्डावर कंडेन्सर बदलता येत नाहीत, बोर्ड जळेल. दादा म्हणाले, काकूला काय कळायलंय, कर बंद. मी एक शहाणपणा केला. छोटा हिरवा एलईडी सेलला जोडून दिव्याच्या खाचेत बसवला आणि मग प्लग काढला. बारा वाजता गौराबाई डोकावल्या, दिवा बघून हात जोडून गेल्या. फार वाईट वाटलं. आपण एका आईला फसवलं.

अकरापैकी दहा कंडेन्सर लगेच रिकामे झाले. अकराव्यावर मात्र शून्य येतं आणि मिनिटाभरात पुन्हा तीन व्होल्ट. थोडा करंट असा परत चढतो, पुस्तकात आहे. पण बोर्डावरून काढून नुसता काचेवर ठेवला, तरी तीन.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अकराही नवे बसवले. लॅपटॉप एकदम फर्स्ट क्लास चालू झाला. फक्त त्याचा स्वतःचा हिरवा दिवा लागत नाही. एलईडी बदलला, करंटची वाट तपासली, सगळं बरोबर आहे. तरी नाही.

आणि तो जुना अजून तीनच दाखवतोय. वैतागून दोन्ही पाय बोटांत धरले. तीन व्होल्टनं मुंगीसुद्धा चावल्यासारखं होत नाही. पण कोपरापर्यंत कळ गेली. मग मीटरवर शून्य. तासाभरानंही शून्य. मिटलं!

९ नोव्हेंबर, रविवार

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. थकवाही नाही. पाय एका जागी ठरत नाहीत. सकाळी पाथरीच्या बसमध्ये बसले आणि न उतरता त्याच बसने परत आले. मग देवगाव फाट्यापर्यंत गेले, तशीच परत. कंडक्टरनं विचारलं, ताई, टायपिंग करायलाव का? बघितलं तर बोटं समोरच्या दांड्यावर भराभर चालली होती. मला बघून बघून, दोन बोटांनीच टाइप करता येतं.

दादा म्हणतात, चार दिवस घरी जाऊन ये. मंगळवारी जाते. घरी गेलं की झोप येईल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गेले नाही. स्टँडवर जायला निघाले आणि एका दारासमोर उभी राहिले. कुणाला पत्ता विचारला नव्हता. दार गौराबाईंनी उघडलं.

सगळं खरं सांगितलं, रडले, पाया पडले. त्या रागावल्या नाहीत. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ डोळ्यांत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, इझला न्हाई, हितं हाय.

पळत दुकानात आले. मीटरच्या दोन पिना दोन हातांत धरल्या. तीन व्होल्ट. दादांना धरायला लावल्या. शून्य. त्यांनी शटर ओढलं आणि मला काकूंकडे पोचवून आले. घरी का नाही पाठवलं —

१२ नोव्हेंबर

खिडकीशी खुर्ची. शिवकन्येचीच. त्या भरवतात. झोपू देत नाहीत. झोपलीस की इझशील, म्हणतात.

रेझिस्टर आणि मीटर बरोबर आणले होते. त्या आंघोळीला गेल्या तेव्हा रेझिस्टर दोन्ही हातांत धरला. बराच वेळ. मीटर तीनवरून हललं नाही. पण भावाचं नाव आठवेना. नाशिकच्या घराचा रंग — शाळा —

रिकामी ती होत नाहीये. मी व्हायलेय.

सोडला. पण गेलेलं परत येत नाही. शंतनु! शंतनु नाव. लिहून ठेवते. शंतनु माझा —

१३

दुपार. ती खाली चटईवर झोपलीय. सात वर्षांत पहिल्यांदा. घोरतेय. माझ्या ओढणीचं टोक मुठीत. किती शांत दिसतेय. उठवू नये वाटतं.

जायचं होतं कुठेतरी. बसने. कुठे —

फोन वाजतोय. थांबतो, परत वाजतो. स्क्रीनवर लिहिलंय, आई.

पण आई तर ही झोपलीय, माझ्या पायाशी. तिच्या हातात फोन नाही.

मग ही कोण बाई सारखी फोन करा