आरोपीच्या शेजारची जागा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीतूनच). तुझे गुडघे आणि भाऊजींचा स्वभाव, दोन्ही होते तसेच असतील असं धरून चालतो.

माझी कंबर कोर्टाच्या बाकाने धरली. समोरच्या शिंप्याच्या दुकानातून एक माणूस भरदिवसा शिलाई मशीन डोक्यावर घेऊन जाताना मी गॅलरीतून पाहिला आणि (गप्प बसण्याची अक्कल आपल्या घराण्यात कुणाला आहे?) पोलिसांना सांगून बसलो. तेव्हापासून समन्स आलं की जायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. कधी सरकारी वकील रजेवर, कधी न्यायाधीशांची बदली. एकदा सगळे हजर, तर मशीनच सापडेना (ती जप्त केलेल्या पंख्यांच्या ढिगाखाली होती).

बाहेर बाक एकच. साक्षीदार आणि जामिनावरचा आरोपी शेजारी शेजारी. सुरुवातीला आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसायचो. मग एकदा त्याने माझ्या कंबरेमागे आपली पिशवी सरकवली. पुढे त्याच्या डब्यातली, बायकोच्या हातची भाजी मला आवडते हे तिला कळलं आणि डबा जड झाला. एकदाच विचारलं, "मशीन कशाला रे घेतलीस?" म्हणाला, "हिला शिवण येतं."

अखेर माझा पुकारा झाला. मशीन नेणारा इसम इथे आहे का, असं सरकारी वकिलांनी विचारलं. त्याच्याकडे बघवेना, पण शपथ घेतलेली. म्हटलं, "हाच." बचावाचे वकील तावातावाने उठले. "आपण आरोपीच्या डब्यातलं जेवता, हे खरं?"

"खरं."

"तरी त्याच्याविरुद्ध बोलता?"

ताई, मी म्हटलं, "भाजी चांगली असते." न्यायाधीश बराच वेळ मान खाली घालून लिहीत होते.

मागच्या महिन्यात निकाल लागला. दोषी, पण जामिनाआधी कोठडीत काढले तेवढे दिवस हीच शिक्षा. मी तोंड लपवून बाकावर बसलो होतो, तर तोच शेजारी येऊन टेकला. "काका, संपलं एकदाचं," म्हणाला. मग बराच वेळ दोघांनाही उठवेना.

तुझा,
दमलेला धाकटा

ता. क. भाऊजींच्या गोदामाला रखवालदार हवा होता ना? एक माणूस आहे. जड वस्तू एकटा उचलतो (हे मी शपथेवर सांगितलेलं आहे). इथे आता त्याला कुणी कामावर घेत नाही.

पुन्हा ता. क. पत्र घेऊन आलेला अजून दारातच उभा असेल. त्याला आत बोलाव, जेवायला वाढ. भाऊजींना मात्र त्यांचं जेवण झाल्यावरच सांग.